‘आता करण्यासारखं काही उरलं नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना, एका नर्सचं खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकाला नाही. काहींच्या मागे मी वर्षानुवर्षं राउंडला उभी राहिले आहे. काहींचा चेहरा पाहिलेला नाही, पण चिठ्ठीच्या तळाशी घाईत केलेली सही लांबून ओळखते. तुमच्यातल्या कित्येकांनी मला घडवलं आहे. म्हणूनच जरा मोकळेपणाने लिहिते आहे.

मागे एका बैठकीनंतर तुमच्यातल्या एकांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, “सिस्टर, तुमचा हात इतका हलका. आम्हाला न सापडणारी शीर तुम्हाला पहिल्या टोचणीत सापडायची. आणि तुम्ही हॉस्पिसमध्ये जाऊन बसलात? तिथे करायला असतं तरी काय?” बोलण्यात टोमणा नव्हता, काळजीच होती. मी हसून “आवडतं मला” म्हटलं आणि जिना उतरले. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. राहिलेलं आज लिहिते.

आधी एक गोष्ट बाजूला काढते. हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांची काळजी घेतात तिथे, काम करते म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. “तुम्ही म्हणजे देवदूत”, “आम्हाला नाही बाई जमणार”. त्यांचा हेतू चांगला असतो, पण मला ते ऐकवत नाही. देवदूताला पगार लागत नाही, रात्रपाळीला दुसरी सिस्टर लागत नाही, त्याची कंबरही दुखत नाही. मी चिडते. ड्युटी संपायला दहा मिनिटं असताना बेल वाजली की माझ्या कपाळावर आठी पडते. सेवाव्रत घेऊन मी इथे आले नाही. एका माणसाचं देणं माझ्याकडे राहिलं होतं, म्हणून आले.

नोकरीचं तिसरं वर्ष. मेडिकल वॉर्ड, नाइट ड्युटी, छत्तीस पेशंट आणि आम्ही दोघी. खिडकीजवळच्या खाटेवर एक काका होते. आयुष्यभर मुद्रितशोधक म्हणून काम केलेले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला होता. अंगात जोर नव्हता, पण नजर तीच. खाटेशेजारच्या भिंतीवर ‘शांतता राखावी’ अशी पाटी होती आणि ‘वी’ची वेलांटी ऱ्हस्व होती. ती त्यांनी कधीतरी पेन्सिलीने दीर्घ करून ठेवली होती. मी पाहिलं तेव्हा म्हणाले, “सवय जात नाही हो.”

एका रात्री पावणेतीनच्या सुमारास मी त्यांची सलाइनची बाटली बदलत होते. मला वाटलं झोपलेत. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, “सिस्टर, मी चाललोय ना?”

मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. “असं अभद्र बोलू नये हो काका. सकाळी राउंडला डॉक्टर येतील, त्यांना विचारा.”

“बरं,” ते म्हणाले.

मग मी सलाइनच्या थेंबांची गती तपासली. गती बरोबर होती. मला ते आधीच माहीत होतं.

सकाळी राउंड झाला. काकांनी विचारलं नाही. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून तुम्ही केस पेपर चाळला, आणि नंतर दाराबाहेर त्यांच्या मुलाला सांगितलंत, “आता करण्यासारखं काही उरलं नाही.” कागदावर लिहिलंत, उपचार तेच चालू. दुसऱ्या दिवसापासून त्या खाटेपाशी राउंडचा वेग वाढला. कुणी ठरवून केलं नव्हतं. तसं होतं.

ते त्यानंतर अकरा दिवस जगले.

ते गेल्यावर मी त्यांचा चार्ट काढून बसले. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. दर चार तासांनी नाडी, ताप, रक्तदाब. एक रकाना रिकामा नाही. दुखतंय का, किती, कुठे, हे लिहायला मात्र रकानाच नव्हता. दुखण्याचं इंजेक्शन ‘एसओएस’ लिहिलेलं, म्हणजे गरज लागेल तेव्हा. आता ही गरज ठरवायची कुणी? पेशंटने बेल वाजवायची, आम्ही दुसऱ्या खाटेवरचं हातातलं काम संपवून यायचं, ड्युटी डॉक्टरांना फोन, कपाटाची किल्ली, रजिस्टरवर दोन सह्या. इंजेक्शन लागू पडेपर्यंत तासभर जायचा. काका दर वेळी बेल वाजवल्याबद्दल माफी मागायचे. शेवटच्या तीन दिवसांत त्यांनी बेल वाजवली नाही. आम्ही समजलो, दुखणं कमी झालंय. त्यांच्या जिभेवर पापुद्रे धरले होते. त्या अकरा दिवसांत त्यांचं तोंड नीट, सावकाश, कुणीच स्वच्छ केलं नव्हतं. मीही नाही.

तुमचं ते वाक्य कुणी लिहून त्यांच्यापुढे ठेवलं असतं, तर त्यांनी ‘काही’ या शब्दाखाली रेघ ओढून समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं, याची मला खात्री आहे.

मला वाईट याचं वाटत नाही की ते गेले. ते जाणारच होते, ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. अकरा दिवस म्हणजे दोनशे चौसष्ट तास. एवढ्या तासांत करण्यासारखं किती होतं, हे मला पुढे हॉस्पिसमध्ये आल्यावर एकेक करून शिकायला मिळालं. आणि दर वेळी नवं काही शिकले की पहिला विचार तोच यायचा, हे तेव्हा यायला हवं होतं.

तर, इथे करायला काय असतं?

दुखण्यापासून सुरू करते. मॉर्फिन घड्याळाप्रमाणे द्यायचं, मागेल तेव्हा नाही. साधी गोळी किंवा द्रावण दर चार तासांनी, आधीच्या डोसचा असर ओसरायच्या आत. मध्येच कळ उठली तर त्यासाठी वेगळा जादा डोस लिहून ठेवलेला असतो आणि आम्ही तो फोन न करता देऊ शकतो. मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनची मळमळ आणि गुंगी बहुतेकांना काही दिवसांत सोडून जाते, पण बद्धकोष्ठता जात नाही. हे काही गुपित नाही. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनांसाठी सौम्य औषधाकडून तीव्र औषधाकडे जाणारी पायऱ्यांची पद्धत १९८६ मध्येच छापली. तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या, पायरीप्रमाणे द्या. तुम्ही परीक्षेत ती लिहिलीही असेल. तरीही आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये ‘एसओएस’ असतंच, आणि रेचकाचा पत्ता नसतो. मग पेशंट आल्यावर पहिले दोन दिवस आमचे त्याचं पोट मोकळं करण्यात जातात. तुम्हाला हसू येईल, पण आठ दिवसांनी पोट साफ झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते मी आयसीयूत डिस्चार्जच्या वेळीही क्वचित पाहिलं.

मॉर्फिनच्या नावाला नातेवाईक घाबरतात. “म्हणजे शेवट आला का?” बाटली लपवून ठेवणारेही पाहिलेत. त्यांचा दोष नाही. त्यांनी मॉर्फिन नेहमी शेवटच्या दिवशीच सुरू होताना पाहिलंय, मग दुसरा निष्कर्ष कसा काढतील? ते आपण उशिरा सुरू केलं आणि माणूस लगेच गेला, तर लोक दोष औषधालाच देणार. दम लागलेल्या माणसालाही त्याचा अगदी छोटा डोस आराम देतो. आणि हातात धरायचा छोटा पंखाही. चेहऱ्यावर वाऱ्याची झुळूक आली की धाप लागल्याची भावना कमी होते, हे मला इथे येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ऑक्सिजनचा मास्क झिडकारणारी माणसं तो पंखा छातीशी धरून झोपतात.

मग तोंड. यावर मी तासभर बोलू शकते. मऊ ब्रश, ओला बोळा, ओठांना वंगण, आणि थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. माणूस बेशुद्धीकडे गेला की त्याला तहान लागली असेल या विचाराने घरच्यांचा जीव तळमळतो, ते सलाइन लावा म्हणून हात जोडतात. शरीर बंद व्हायला लागलं की ते पाणी हाता-पायांत आणि छातीत साठतं, सूज आणि घरघर वाढवतं. तहान म्हणून जे जाणवतं ते बहुतेकदा कोरडं तोंड असतं, आणि कोरडं तोंड बोळ्याने ओलं होतं. मी मुलीच्या हातात बोळा देते. तिच्या वडिलांच्या आवडीच्या पेयात तो बुडवायला सांगते. जिभेवर ती चव लागली की कधी कधी ओठ हलतात. सलाइनसाठी भांडायला आलेली मुलगी मग तासन्‌तास तिथेच बसून राहते आणि आमच्यापेक्षा चांगलं काम करते.

एकदा रात्री एक आजोबा फार बेचैन झाले. चादर ओढत होते, खाटेवरून उतरायला बघत होते, दोन्ही मुलांनी हात धरून ठेवले होते. मुलं म्हणाली, शेवटची घालमेल आहे, झोपेचं इंजेक्शन द्या. फोनवर डॉक्टरांनीही तेच सांगितलं. द्यायला हरकत नव्हती. पण मी आधी ओटीपोटावर हात ठेवला. नगाऱ्यासारखं ताणलेलं. लघवीच्या नळीचा कॅथेटर आत गाठ अडकून तुंबला होता. तो बदलला आणि पिशवीत साडेआठशे मिली लघवी जमा झाली. आजोबांनी एक मोठा सुस्कारा सोडला, कूस बदलली आणि झोपले. सकाळी उठून धाकट्या मुलाला म्हणाले, “काल रात्री माझे हात कुणी धरले होते रे?” ते आणखी नऊ दिवस होते. डॉक्टर, हे सांगताना मी फुशारकी मारतेय असं वाटेल. मारतेय. मला माझं काम येतं, आणि ते मला या जागी आल्यावर आलं. जिन्यात विचारलेल्या प्रश्नाचं हे एक उत्तर समजा. हाताचा हलकेपणा वाया गेलेला नाही, फक्त शीर शोधायचं सोडून तो दुसरं शोधतो.

शेवटच्या दिवसांची लक्षणं आम्ही घरच्यांना आधीच सांगून ठेवतो. गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसेल. श्वास भरभर चालेल, मग थांबेल, तुम्ही घड्याळाकडे बघाल, आणि तो पुन्हा सुरू होईल. घशात घरघर येईल. ती तुम्हाला ऐकवणार नाही, पण त्यांना बहुधा तिचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवलं तर कमी होते. आणि बोलत राहा. २०२० मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख काढले, तेव्हा अखेरच्या तासांतही त्यातल्या काहींचा मेंदू आवाजाला प्रतिसाद देताना दिसला. आमच्या जुन्या सिस्टर हे मशिनाशिवायच मानायच्या. पेशंटच्या डोक्यावरून इस्टेटीचं बोलणाऱ्यांना त्या खोलीबाहेर काढायच्या.

सगळे मृत्यू सुखाचे होतात असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारा माणूस एक तर नवा असतो किंवा देणग्या गोळा करत असतो. मानेतल्या गाठीतून कधी अचानक रक्ताचा लोंढा येतो; त्यासाठी गडद रंगाचे टॉवेल खाटेखाली घडी करून ठेवलेले असतात, म्हणजे निदान तो लाल रंग तरी डोळ्यांत भरत नाही. काही वेदना आमच्या सगळ्या औषधांना पुरून उरतात. लहान मुलांची आई गेली तेव्हा मी पंधरा दिवस कामावर गेले नव्हते. परत का आले याचं कारण विचाराल तर सुंदर काही सांगता येणार नाही. घरी बसून करमेना.

तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही, पण एक कारण खासगी आहे, तेही लिहून टाकते. मला मरणाची भीती वाटते. जवळून रोज पाहिलं की ती जाईल असा हिशेब मी केला होता. ती गेली नाही, तिने फक्त कपडे बदलले. आधी नुसतं काळंकुट्ट काहीतरी होतं. आता मला नेमकेपणाने ठाऊक आहे मला कशाची भीती वाटते: रात्री तीन वाजता दुखण्याची, बेल वाजवताना संकोच वाटण्याची, सुकलेल्या तोंडाची, ओल्या चादरीची, आणि मी विचारलेल्या प्रश्नाला कुणी सलाइनकडे बघत उत्तर देण्याची. यातल्या बहुतेक गोष्टींवर इलाज आहे, आणि तो माझ्या हातात आहे. एवढं कळल्यावर मला बऱ्यापैकी झोप लागते.

आधुनिक हॉस्पिसची सुरुवात करणाऱ्या सिसिली साँडर्स तुम्हाला माहीत असतील. त्यांच्याविषयी वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी त्यांची पाठ जवळची वाटली. त्या नर्स झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावं लागलं, आणि रुग्णालयातच समाजसेविका झाल्या. (माझ्याही कमरेला पट्टा आहे, म्हणून सांगितलं.) तिथे डेव्हिड तस्मा नावाचा पोलंडहून आलेला ज्यू रुग्ण त्यांना भेटला. चाळिशीचा, एकटा, कॅन्सरने चाललेला. १९४८ मध्ये तो गेला तेव्हा त्याने त्यांच्यासाठी ५०० पौंड मागे ठेवले, मरणाऱ्यांसाठी तुम्ही उभाराल त्या घरात मी एक खिडकी होईन म्हणून. त्या घराला उभं राहायला एकोणीस वर्षं लागली. लंडनमधलं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ मध्ये उघडलं. माणसाचं दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, नात्यांचं, श्रद्धेचं मिळून एक सबंध दुखणं असतं, हे त्यांनी तुमच्या क्षेत्राला शिकवलं. २००५ मध्ये त्या गेल्या त्याही तिथेच.

पण मला त्या हकिकतीतली मधली गोष्ट जास्त बोचते. मरणाऱ्यांसाठी काम करायचं आहे असं त्या म्हणाल्या, तेव्हा एका शल्यविशारदांनी त्यांना सल्ला दिला, आधी डॉक्टर व्हा, कारण मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच. सल्ला मानून त्या तिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षणाला बसल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. म्हणजे पाहा, नर्सला जे दिसलं होतं ते ऐकून घेतलं जावं म्हणून तिला डॉक्टर व्हावं लागलं. माझं आता ते वय नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

आता तक्रार. तुम्ही पेशंट पाठवता, पण फार उशिरा पाठवता.

मागच्या महिन्यात एक बाई दुपारी चारला आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेल्या. आम्ही त्यांना आंघोळ घातली, मॉर्फिनचा पंप लावला, दुखणं मध्यरात्रीनंतर आटोक्यात आलं. त्यांना घरी काय नावाने हाक मारतात, हे कळायच्या आत त्या बोलायच्या थांबल्या. त्यांचा नवरा आम्हाला म्हणाला, “आधी का नाही कुणी सांगितलं अशी जागा असते म्हणून?” त्याला मी काय सांगायला हवं होतं, हे तुम्हीच मला कळवा.

तुम्ही जाणूनबुजून उशीर करता असं मला वाटत नाही. २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला होता. शिकागोत हॉस्पिसला पाठवलेल्या ४६८ रुग्णांबद्दल ३४३ डॉक्टरांना विचारलं गेलं, हा रुग्ण किती दिवस काढेल? साधारण बरोबर अंदाज निघाले २० टक्के. ६३ टक्के अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त आयुष्य सांगणारे होते. सगळे मिळून डॉक्टरांनी प्रत्यक्षाच्या पाचपट आयुष्य धरलं होतं. आणि रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला. हे वाचून तुमच्यावरचा माझा निम्मा राग गेला. पेशंटवर जीव जडला की तारीख दिसेनाशी होते. हे आमचंही होतं. फक्त तुमच्या अंदाजावर दुसऱ्याचे दिवस मोजले जातात.

म्हणून अंदाज बांधूच नका. स्वतःला वेगळा प्रश्न विचारा: हा पेशंट येत्या वर्षभरात गेला, तर मला आश्चर्य वाटेल का? नाही वाटणार, असं उत्तर आलं की आम्हाला कळवा. तुमचे उपचार थांबवायची अट नाही. केमोही चालू द्या आणि आम्हीही येतो. २०१० मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ नव्या रुग्णांवर हेच करून पाहिलं. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी काळजी, दिली. त्यांचं मन कमी खचलं, शेवटी ओढाताणीचे उपचार कमी झाले, आणि ते जगले साधारण ११.६ महिने; दुसरा गट ८.९ महिने. आमच्याकडे पाठवणं म्हणजे हात टेकणं, असं तुम्ही नातेवाइकांना ज्या चेहऱ्याने सांगता, तो चेहरा या आकड्यांशी जुळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर वर्षी ५ कोटी ६८ लाख माणसांना अशा काळजीची गरज असते आणि मिळते ती जेमतेम १४ टक्क्यांना. बाकीच्यांसाठी पैसा नाही, धोरण नाही, मॉर्फिनच पोहोचत नाही, अशी मोठी कारणं आहेत आणि ती तुमच्या-माझ्या हातातली नाहीत. पण तुमच्या ओपीडीपासून आमच्या दारापर्यंतचं अंतर तुमच्या पेनाएवढं आहे.

आणि ते वाक्य. त्याच्या जागी काय म्हणायचं, असं एका तरुण डॉक्टरांनी मला खरंच विचारलं होतं. मी म्हटलं, “आजार बरा होण्यासाठी करण्यासारखं उरलं नाही” असं म्हणा. वाक्य लांबतं, पण खरं होतं. त्यापुढे “आता त्रास कमी करण्यासाठी काय करायचं ते बघू” एवढं जोडलंत तर समोरचा माणूस खुर्चीत पुन्हा टेकून बसतो. करून पाहा. आणि हे पेशंटसमोर म्हणा, दाराबाहेर त्याच्या मुलापाशी नाही. “त्यांना सांगू नका हं” असं कुजबुजत सांगणारी मुलं माझ्या रोजच्या पाहण्यातली आहेत, आत खाटेवर बाप मला तेच सांगत असतो, “पोरांना कळू देऊ नका.” दोन्ही बाजूंनी राखलेलं ते एकच गुपित सांभाळताना सगळे इतके दमतात की एकमेकांशी बोलायचं राहूनच जातं.

मला आता रात्री कुणी विचारलं, “सिस्टर, मी चाललोय ना?”, तर मी हातातलं खाली ठेवते, स्टूल ओढते आणि बसते. बसणं महत्त्वाचं, उभ्या माणसाला कुणी खरं विचारत नाही. मग विचारते, “तुम्हाला काय वाटतं?” कुणी रडतं. एकांनी घराची कागदपत्रं कुठे ठेवलीत ते सांगितलं. एक आजी म्हणाल्या, “मला वाटतं चाललेय, पण घाई नाहीये,” आणि झोपल्या. दहा मिनिटांच्या वर कुणी वेळ घेतला असेल असं आठवत नाही. त्या रात्री वॉर्डात माझ्याकडे दहा मिनिटं होती. छत्तीस पेशंट होते हे खरं, पण त्या घटकेला बाकीचे पस्तीस झोपले होते.

शेवटी एक निरोप, खरं तर पत्राला बसले ती त्यासाठीच. तुम्ही आमच्याकडे पेशंट पाठवला की तो तुमच्यापुरता संपतो, पण त्याच्यापुरते तुम्ही संपत नाही. चार-चार वर्षं ज्याने तुमच्या तोंडाकडे बघून रिपोर्टचा अंदाज बांधला, तो इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा तरी विचारतोच, “डॉक्टर येणार आहेत का?” आमचे डॉक्टर नव्हेत, तुम्ही. मी पूर्वी सांगायचे, ते कामात असतील. आता सांगत नाही.

तुमच्यापैकी एकांचे पेशंट सध्या आमच्याकडे बारा नंबरला आहेत. चिठ्ठीवर तुमची सही आहे, हे वाचताना तुम्हाला ओळखू येईल. दुखणं आटोक्यात आहे, दुपारी जागे असतात. काल त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “विचारते.”

म्हणून विचारते आहे. चार ते सहाच्या दरम्यान बरं पडेल. खाटेजवळ स्टूल आहे.

आपली नम्र,
हॉस्पिसमधली एक सिस्टर